चाकाखालचं लिंबू

—नाही नाही, तिकडून नका जाऊ नागराजअण्णा, इकडून बघा, बोनेटच्या बाजूने. फोटो इकडूनच काढतात. तिकडे? तिकडे भिंत आहे—बरं, भिंतीच्या आधी थोडा गंज आहे. विराट, दाराला हात नाही! धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय त्याला, डॉक्टरांना दोनदा विचारलंय, तरी मी सगळ्या कडांना चिकटपट्टी लावलीय. बसा ना, कॉफी घ्या. आनेकलहून बनशंकरीला दोन बस बदलून आलात, एका एकटनी ट्रकसाठी! तुमच्याही घरी मराठीच, म्हणून स्पष्ट सांगते—वेड आहे हे, आमच्या ह्यांचं. सासऱ्यांची गाडी, बासष्ट सालची. त्यांनी तिच्यातून भाजी वाहिली, हे तिचे नुसते फोटो वाहतात, फोनवरच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर. बोनेटवर ऊन आलं की एक, पाऊस पडला की चार. खाली लोक लिहितात—‘सूपर, यशोवर्धन अण्णा!’ ‘जीव आहे हो गाडीत!’ जीव कसला, बॅटरी नाही तिच्यात.

चालते? कोण म्हणालं? अय्यो, तो दसऱ्याच्या आयुधपूजेचा फोटो—चाकाखाली लिंबू चिरडलेलं, म्हणून वाटलं? अण्णा, इंजिन बंद पडून नऊ वर्षं झाली. पूजा चुकायला नको म्हणून दरवर्षी लिंबं ठेवतो आणि शेजारचे चौघे मागून ढकलतात—वीतभर, जास्त नाही, पुढे गटार आहे. मीच ओरडले, ‘थांबा, रस दिसू दे,’ गुडघ्यावर बसून फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘आजही त्याच दिमाखात निघाली.’ कुठे निघाली, ते नाही लिहिलं.

—हो, मी. म्हणजे हे सांगतात, मी फक्त... नाही, सांगतही नाहीत. नाव त्यांचं, फोन नंबर त्यांचा, बाकी सगळं मीच. विराटच्या वेळी बसवनगुडीतली शाळेची नोकरी सोडली, आता दिवसभर माझ्याशी बोलतं कोण? हा—ह्याला तीन शब्द येतात. आणि ते तीनशे बाप्ये, मला अण्णा समजून. बरं वाटतं हो. हसू नका.

काय? ह्यांनीच बोलावलं? ‘रविवारी या, घेऊन जा’? दाखवा बघू. ‘मुलाला लागेल म्हणून बायको काळजी करते.’ करते ना! तेवढं एकच काम मला नीट येतं. पण विका असं मी कधी म्हटलं?... म्हटलं असेन. चिकटपट्टी लावताना, रडत वगैरे. लगेच खरं धरायचं?

सरी, ठीक आहे. हे दही आणायला गेलेत, येतीलच, पण—अण्णा, फोन का वर केलात? त्या बाजूने नको! ठेवा तो खिशात. गाडी द्यायची नाही. नेणार तरी कशी होता, ढकलत, आनेकलपर्यंत? उठा. आणि जाताना गेट ओढून घ्या, हा बाहेर पळतो.