विलासची सायकल आणि गणिताचा पेपर

आमच्या विलासची ती महागडी रेसिंगची सायकल बघितलीय ना तुम्ही? पुंडलिकनगरात दुसऱ्या मजल्यावर, घरात दिवाणाशेजारी उभी असते. विलास तिला कुणाला हात लावू देत नाही.

मार्चमध्ये एका सकाळी आम्ही दोघं फुलंब्रीकडं, गिरजा नदीच्या कडेच्या रस्त्यानं गेलो होतो. पुलाजवळ माझी सायकल पंक्चर झाली. मी ट्यूब काढत होतो, तेवढ्यात एक आजोबा बंद पडलेली मोटारसायकल ढकलत आले. सोबत शाळेच्या ड्रेसमधली नात, अगदी रडवेली.

"दहावीचा गणिताचा पेपर हाय हिचा," आजोबा म्हणाले. "शाळा पाच किलोमीटर. अर्ध्या तासात गेट बंद व्हतंय."

रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. मी विलासकडं बघितलं. तो आपल्या सायकलकडं बघत होता.

"सायकल येती का तुला?" त्यानं पोरीला विचारलं.

"येती. पण असली नाय चालवली कधी."

विलासनं सीट खाली केली, ब्रेक दाखवले अन् हँडल तिच्या हातात दिलं. पोरगी वळणाआड गेली.

"पडायला नको," तो पुटपुटला.

"सायकल?"

"पोरगी रे!"

आम्ही चालत शाळेवर पोचलो, तर सायकल गेटाजवळ लिंबाला टेकवलेली, धड. तरी विलास हलेना. पेपर सुटेपर्यंत तिथंच बसून राहिला.

पोरगी बाहेर आल्याबरोबर त्यानं विचारलं, "कसा गेला?"

"पेपर सोपा होता, काका. पण तुमची सीट लई टोचती. बसता कसं हिच्यावर?"