पुराच्या गाळातली खापरं

मंडळी, कापड्याहून येताना काय बोलायचं ते ठरवून आले होते. सरांच्या फोटोला हार बघितला आणि सगळं विसरले. सांभाळून घ्या. मालतीवहिनी, सरांशिवाय बसलेल्या तुमच्याकडे बघून तर मला बोलताच येणार नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी गावोगाव हिंडून हे संग्रहालय उभं केलं. त्यात आमच्या घरचा एक दगड आहे. वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. आमच्या विहिरीवर तो पालथा होता, आम्ही त्यावर धुणं आपटायचो. सरांनी खालून हात घालून चाचपलं नि म्हणाले, "आजी, ह्याच्यावर माणूस आहे."

सासूबाई म्हणाल्या, "माणूस हाय? मंग उचला रे त्याला! कवापासून तोंड मातीत हाय त्याचं!"

त्याला अंघोळ घातली, तेल लावलं, मगच टेम्पोत चढवू दिला.

यंदाच्या पुरात सावित्री नदी संग्रहालयात शिरली. दगड जागचा हलला नाही. पण मडकी, खापरं, मणी गाळात गेले, आणि चिठ्ठ्या विरघळल्या. कुठली वस्तू कुठल्या गावची, कुणाच्या शेतातली, ते त्या चिठ्ठ्यांवरच होतं. पूर ओसरला, आपण आपापली घरं धुतली, दुकानं धुतली. सरांनी खापरं धुतली. पायाला जखम, आणि चिखलात उभे! मी ओरडले, "सर, गमबूट तरी घाला हो!" म्हणाले, "गाळ वाळला की नक्षी जाईल." मग ताप. लेप्टो, पुराच्या घाण पाण्यातून जखमेत शिरतो तो. सर, मला तुमचा राग येतो. अजून येतो.

दवाखान्यात तापातही ते एकेका खापराचं गाव सांगत होते. निम्म्यावर शुद्ध हरपली. ती परत आलीच नाही.

काल बाजारात एक जण म्हणाला, "आता ती खापरं नदीत सोडून द्या." अहो, त्या नदीच्या गाळातूनच काढताना माणूस गेला ना आमचा?

मंडळी, उठलात की लगेच घरी जाऊ नका. आत जा. तुमच्या घरानं दिलेली वस्तू ओळखा, आमची म्हणून सांगा. देणारे कितीतरी मुंबईला आहेत, कितीतरी गेले. माझ्या सासूबाईही गेल्या. त्यांच्या वस्तू कोण ओळखणार?

त्या वीरगळावरच्या माणसाचं नाव काय, असं मी सरांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "लिहिलेलं नाही. तेव्हा गावात सगळ्यांना माहीत असणार, मग कोण लिहितंय?"

सरांचं नाव आज इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच भीती वाटते.

उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.