जाऊबाईला दिलेला डबा

माहेर माहं अजिंठ्याकडचं. माय मी तान्ही असतानाच गेली, त्यामुळं बाईच्या अंगाचं मला कुणी काही सांगितलंच नाय. लग्न होऊन गारखेड्याला आले, अन् जे शिकले ते जाऊबाईकडून, कमलबाई नाव तिचं. पाळीत काय करायचं, लेकरू पोटात राहीना तर सासूला काय उत्तर द्यायचं, सगळं तिनं शिकवलं. काय सांगू तुम्हाला, सख्खी बहीण करणार नाय एवढं तिनं केलं. पुढं दोघींचे नवरे गेले, एकामागं एक, मला लेकरू नाय, तिला एक लेक, मग आम्ही दोघी अन् तो, एकाच चुलीवर.

औरंगपुऱ्यात एका दुकानात मी साड्यांना फॉल-पिको करायचे. पन्नाशीला पाळी गेली अन् अंगाची नुसती भट्टी, मशीनवर बसल्या बसल्या पदर भिजायचा, गुडघे उठू देईनात. डॉक्टरनं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, त्या दोन महिने खाल्ल्या अन् सोडल्या, आपल्या बायांचं असंच. मग दुकानात एक मॅडम यायला लागल्या, लई गोड बोलायच्या, त्यांच्याकडं पावडरीचा डबा, पाळी गेलेल्या बायांसाठी खास, हाडं, झोप, चिडचिड, सगळ्यावर. मी घेतली, अन् खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पावडरीनं वाटलं का कुणीतरी दुखणं इचारलं म्हणून वाटलं, देव जाणे. मॅडम म्हणल्या सुमनताई, तुम्हीच विका की, बाया तुमचं ऐकतेत. ऐकायच्याच. पहिला डबा मी जाऊबाईला दिला.

वर्ष झालं असंल. दुपारी ती धुणं तसंच टाकून माह्याजवळ आली अन् हळूच म्हणली, सुमन, मला परत दिसायलंय गं. पाळी जाऊन तिला सात-आठ वर्षं झाली व्हती. मी मॅडमला फोन लावला, तर त्या हसल्या, म्हणल्या घाबरू नका, चांगलं लक्षण आहे, शरीर आतून साफ व्हायलंय, एक चमचा वाढवा. मी जाऊबाईला तसंच सांगितलं. ती लाजली, म्हणली या वयात काय बाई हे, अन् चमचा वाढवला. मी सांगितलं म्हणून वाढवला, मॅडमला तर तिनं कधी पाह्यलं पण नव्हतं.

सहा महिने गेले. अंगाला वास यायला लागला, ब्लाउज ढिले व्हायला लागले, मीच ते उसवून आत घेत व्हते, परत आत घेत व्हते, तरी माह्या डोक्यात उजेड पडला नाय. एक दिवस ती न्हाणीत पडली, तवा रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीण पोरीच्या वयाची, म्हणली पिशवीचा कॅन्सर आहे, लई पसरलाय, पाळी बंद झाल्यावर एक थेंब दिसला तरी लगेच यायचं असतं, इतके महिने काय केलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाईनं माहा हात दाबला अन् म्हणली, मीच लपवलं, शरमेनं, घरात कुणाला ठाऊक नव्हतं. लेक तिथंच उभा व्हता, तो मायवर चिडला. मायवर! अन् मी गप. मागून मी डॉक्टरणीला एकटीनं गाठलं, म्हणलं पावडरीनं झालं का हो? ती म्हणली पावडरीचं मला सांगता येत नाय मावशी, उशिराचं सांगता येतं.

चार महिन्यांत गेली. शेवटी शेवटी मी म्हणायचे, बाई, मी सांगते तुह्या लेकाला खरं, तर म्हणायची येडी हैस का, माह्यामागं तुला भाकर कोण देईल?

डबे बंद केले. जिथं जिथं दिले व्हते तिथं जाऊन सांगितलं, बायांनो, खायचं ते खा, पण अंगावरून गेलं तर आधी दवाखाना. एकीनं दार लावून घेतलं. एकीला खरंच जात व्हतं, ती येळेवर गेली, पिशवी काढली, आता हिंडती-फिरती आहे. तिच्याकडं बघून मला बरं वाटत नाय, उलट जाऊबाईच आठवती.

पुतण्याला अजून सांगितलं नाय. आता मला तोच दवाखान्यात नेतो, म्हणतो काकू, मायसारखं लपवू नको. मी मान खाली घालते. तुम्ही म्हणता, हे माहं सांगणं छापताना नाव बदलू. नका बदलू. त्याला वाचता येतं. वाचून त्यानं घराबाहेर काढलं तर त्याचं बरोबर हाय, अन् नाय काढलं तर ते मला जास्त जड जाईल. कसं बी होवो, माह्या जाऊबाईचा लेक सुखात राहो.