मागच्या अंगणातला लाइट

राजपुऱ्यातल्या विजेच्या सामानाच्या दुकानात माझ्या पुढे दापोऱ्याचं एक म्हातारं जोडपं उभं होतं. आधी बाई बोलली.

"भाऊ, मागच्या अंगणातल्या लाइटासाठी एक बटन द्या."

"मालू, बटन कशाला? तो लाइट मी मुद्दाम डायरेक्ट जोडलाय. अंधारात पडून तुझा पाय मोडला, भूलली का?"

"नाही भूलले. पण त्या लाइटानं आपले काजवे गेले."

"ते तर केळीवरच्या औषधाच्या फवाऱ्यानं गेले. साऱ्या गावातून कमी झाले."

"कमी झाले होते, गेले नव्हते. पाय प्लास्टरमधी होता तेव्हा मी खिडकीतून रोज पाहायची. कधी सात दिसत, कधी नऊ. तेवढा वेळ दुखणं आठवायचं नाही. तुम्ही लाइट लावला, अन् त्या दिवसापासून एक दिसला नाही."

"अन् सालभर तू बोलली नाही?"

"गुडघे दुखत असताना तुम्ही शिडीवर चढले, माझ्यासाठी. कसं बोलू?"

दुकानदारानं बटन काढून ठेवलं. म्हाताऱ्यानं ते उचलून उलटसुलट पाहिलं.

"भाऊ, पंधरा मीटर वायर पण द्या. बटन हिच्या खाटेजवळ बसवतो."

"पण काजवे परत येतील का हो?"

"काय माहीत. आज बंद करून दोघं बसू, पाहू."

"अन् रात्री मला उठून अंगणात जावं लागलं तर?"

"बटन दाबू नको. मला उठव."