समुद्राच्या बाजूची खोली

पेनिना : तळमजलाच हवा. मावशीचे गुडघे जिना चढत नाहीत. आणि समुद्राच्या बाजूची असेल तर बरं. दोन रात्री.

थानासिस : आहे की समुद्राच्या बाजूची. पण खोटं बोलून खोली देणं माझ्यानं होत नाही, बाई. समुद्र दिसतो तो न्हाणीघराच्या खिडकीतून. तोही कमोडवर उभं राहिलं तर.

तौसाला : ऐकू येतो का?

थानासिस : काय?

तौसाला : समुद्र. दिसला नाही तरी चालेल मला.

थानासिस : वारा इकडचा असला तर येतो. नाहीतर बस ऐकायची. म्हणून तर एकशे तीस डॉलर सांगतोय. समोरचं ते काचेचं हॉटेल आहे ना, तिथे एवढ्या पैशात तुम्हाला टॉवेल देतील, खोली नाही.

पेनिना : घेऊ या ना ही, मावशी? अख्ख्या सिडनीत समुद्राजवळ याहून स्वस्त मिळायचं नाही. तीन दिवसांत तिसरं हॉटेल आहे हे.

तौसाला : पहिलं काय हॉटेल होतं? खाली दारूचा गुत्ता आणि वर आपण. खालचे बाप्ये रडक्या गळ्यानं गात होते. चाळीस वर्षं चर्चमध्ये गातेय मी, इतकं बेसूर कधी कानावर पडलं नव्हतं.

पेनिना : इथे जुनं हॉटेल म्हटलं की खाली बार असायचाच.

तौसाला : आणि कालचं? पाटीवर समुद्र, आणि समुद्र पाच मिनिटांवर.

पेनिना : गाडीनं पाच मिनिटं, असं लिहिलं होतं गं त्यांनी. बारीक अक्षरात.

तौसाला : नाव मोठं, लक्षण खोटं. हा माणूस बरा. कमोडचं आधी सांगितलंन. घे ही.

थानासिस : इथे सही करा. आणि मावशीबाई, ती काखेतली गुंडाळी वाळूवरची असेल तर बाहेर नळापाशी झटकून आणा. मोरी तुंबते.

तौसाला : वाळू नाही लागलेली. झाडाच्या सालीचं कापड आहे, माझ्या आईनं कुटून केलेलं. त्याला जपते मी.

थानासिस : अरे, म्हणजे त्या तुम्हीच. काल कुत्रा फिरवताना बघितलं मी. कापड पसरून बसला होतात, सकाळपासून. मला वाटलं, काही विकायला बसल्यात.

तौसाला : विकायला नाही. न्यायला आलेय.

थानासिस : काय न्यायला?

तौसाला : मुलगा.

पेनिना : मावशी, राहू दे ना.

थानासिस : बुडाला का?

पेनिना : हो. गेल्या जुलैत. इथेच, मरूब्राच्या किनाऱ्यावर.

थानासिस : गेल्या जुलैत? एकवीस वर्षं हा लॉज चालवतोय मी. इथे कुणी बुडालं की आधी हेलिकॉप्टर येतं आणि मग पोलीस माझ्या दारात. तुमच्याकडचा कुणी पाहुणा परतला नाही का, म्हणून विचारतात. गेल्या जुलैत तर कुणी आलं नव्हतं.

पेनिना : लांब असेल. तिकडे खडकांच्या बाजूला. पहाटेची वेळ होती, कुणी बघितलं नसेल. किनारा केवढा मोठा आहे. हेलिकॉप्टर काय, प्रत्येक वेळी येतंच असं नाही.

थानासिस : असेल बाई, असेल. मी आपलं सहज बोललो. ही किल्ली. हीटर दोन ठेवतो खोलीत. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, वाईट असतो.

तौसाला : देव भलं करो तुझं. चल गं, पेनिना. दार लोटून घे आणि बस इथे पलंगावर.

पेनिना : वाळूवर नाही जायचं? दुपार आहे अजून, ऊन आहे.

तौसाला : तीन दिवस बसले वाळूवर. मुंग्या आल्या, माश्या आल्या, ते टुणटुण उड्या मारणारे वाळूतले किडे आले. कापडाच्या कडेपर्यंत येतात आणि वळसा घालून निघून जातात. एकही वर चढत नाही.

पेनिना : थंडी आहे म्हणून असेल.

तौसाला : माझ्या आजोबांना आम्ही असंच आणलं होतं. माडावरून पडले, तिथे कापड पसरलं. पहिला जो जीव कापडावर चढेल तो आपला माणूस. त्याला गुंडाळायचं, घरी न्यायचं आणि अंगणात पुरायचं, म्हणजे तो निवतो. आजोबा अर्ध्या तासात आले, नाकतोडा होऊन. जिवंतपणीही घाईचेच होते.

पेनिना : सेमिसीला इथे नीट पुरलंय, मावशी. कबर दाखवली ना तुला. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, सगळं चर्च आलं होतं.

तौसाला : देह तिथे आहे, तो तिथे सुखानं राहू दे. पण पाद्रीबाबांच्या पायरीवर येऊन बसत नाही तो. माझ्या बसतो.

पेनिना : अजून येतो?

तौसाला : रोज. कोंबडा आरवायच्या आधी. माझ्याकडे पाठ करून बसतो आणि विचारतो, ‘आई, आत येऊ का?’ आपल्या घराला भिंती तरी आहेत का? चार खांब आणि वर छप्पर. दारच नाही, तर विचारायचं काय? गुडघ्याएवढा होता तेव्हापासून कधी विचारून आत आला नाही तो. मी म्हणते, ये रे बाबा, ये. तर येत नाही. परत विचारतो. हे असं विचारायला कुणी शिकवलं गं त्याला?

पेनिना : नको ना सांगूस. मला ऐकवत नाही.

तौसाला : मलाही बघवत नाही. पण बघते. आणि आणखी ऐक. बुडालेला माणूस ओला येतो. आपल्या लोसाचा नवरा होडीतून पडून गेला, तो यायचा तेव्हा सगळी चटई भिजायची. माझा कोरडा येतो. हात काखेत घालून बसतो, कुडकुडत. सामोआत कुडकुडतं का कुणी?

पेनिना : इथलं पाणी गार असतं, मावशी. बर्फासारखं.

तौसाला : पेनिना, इंग्रजी मला बेताचं येतं, माणसं बरी कळतात. मघाशी त्या लॉजवाल्यानं एक सांगितलं, तू त्याला चार उत्तरं दिलीस. चोराच्या मनात चांदणं.

पेनिना : मी काय चोरलंय?

तौसाला : ते तू सांग. मला विमानतळावर हार घातलास, गळ्यात पडून रडलीस आणि गाडीत बसल्या बसल्या फोनवर हॉटेलं दाखवायला लागलीस. ‘समुद्राजवळचं बघू, मावशी, स्वस्तातलं बघू.’ आपल्यात कुणी मावशीला हॉटेलात उतरवतं? घरात पाय ठेवायला जागा नसली तर मोरीच्या दारात झोपवतील, पण घरी नेतील. तुझी आई असती तर लाजेनं मान वर केली नसती तिनं. तू तर तुझ्या घराचा रस्तासुद्धा दाखवला नाहीस मला.

पेनिना : तूच म्हणालीस, समुद्राजवळ राहायचंय.

तौसाला : म्हणाले. म्हटलं, बघू या ही किती हॉटेलं शोधते. तिसऱ्यापर्यंत तरी सांगेल.

पेनिना : म्हणजे तुला माहीत होतं?

तौसाला : मला एवढंच माहीत आहे की तो इथे नाही. आणि परवा माझं विमान आहे. रिकामं कापड घेऊन गेले तर तो आणखी किती वर्षं त्या पायरीवर बसेल? मी किती दिवसांची? मी गेल्यावर त्याला ‘ये’ म्हणायलाही कुणी उरणार नाही. तुझ्या पाया पडते, पोरी. कुठे गेला माझा मुलगा?

पेनिना : गाडीत.

तौसाला : कसल्या गाडीत?

पेनिना : त्याच्या स्वतःच्या. जुनी घेतली होती कुणाकडून तरी. झोपेतच गेला. आमच्या तिकडे गोदामं आहेत, त्यांच्या मागे गाड्या लावायची जागा आहे, तिथे. इथून पन्नास किलोमीटर. समुद्राचा वाससुद्धा नाही तिकडे.

तौसाला : तुझ्या घरापासून किती लांब?

पेनिना : चालत सात मिनिटं.

तौसाला : सात मिनिटांवर घर, आणि गाडीत झोपला?

पेनिना : फळांच्या मळ्यावरून पळून आला होता तो. मुकादम फार राबवायचा. मळा सोडला तसे राहण्याचे कागद गेले. आमचा इथे कायम राहण्याचा अर्ज तेव्हा सरकारात होता. माझा उइली म्हणाला, घरात कागद नसलेला माणूस सापडला तर आपलंही जाईल, मुलांचंही जाईल. तरी तीन आठवडे ठेवलं, मावशी. देवाशपथ तीन आठवडे ठेवलं. मग उइली म्हणाला, पुरे.

तौसाला : नवऱ्यानं दार लावलं तर.

पेनिना : उइली कामावर होता त्या दिवशी.

तौसाला : मग?

पेनिना : मी लावलं. तो पायरीवर उभा होता. म्हणाला, ‘पेनिना, आजच्यापुरता आत येऊ का? फार गारठा आहे गं.’ मी म्हटलं, उद्या बघू. सकाळी गवत हिमानं पांढरं पडलं होतं. त्याचा दमा लहानपणीचा, मला माहीत होता. मला माहीत होतं, मावशी.

तौसाला : आणि मला फोनवर समुद्र सांगितलास.

पेनिना : समुद्रात बुडालं की त्यात कुणाचा दोष नसतो.

तौसाला : पाणी दे जरा.

पेनिना : घे, मावशी.

तौसाला : ते कापड उचल. किल्ली देऊन टाक त्याची.

थानासिस : काय झालं? हीटर चालत नाही का?

तौसाला : हीटर चांगला आहे, बाबा. खोलीही चांगली आहे. आम्हीच चुकीच्या ठिकाणी आलो.

थानासिस : असू दे, किल्ली ठेवा तुमच्याकडेच. आज कुणी गिऱ्हाईक येत नाही. नाही जमलं तिकडे, तर परत या.

(दीड तासानंतर. शहराच्या पश्चिम टोकाला, गोदामांच्या मागे. ऊन उतरलेलं.)

पेनिना : इथे. या खांबाच्या अलीकडे. निळी गाडी होती.

तौसाला : पसर कापड.

पेनिना : मी? हे आईनं करायचं असतं ना?

तौसाला : आईकडे तो रोज येतो. तुझ्याकडे यायला बिचकत असेल. तू पसर, तूच बोलाव.

पेनिना : काय म्हणू?

तौसाला : त्या रात्री जे म्हणायचं राहिलं, ते.

पेनिना : सेमिसी. आत ये.

तौसाला : ट्रक चाललेत पलीकडे. त्याला ऐकू गेलं पाहिजे.

पेनिना : सेमिसी, आत ये रे. बाहेर थांबू नकोस. नारळाच्या रसात तारोचे कंद शिजवलेत, तुझ्यासाठी झाकून ठेवलेत. उइलीचं मी बघते. कागदांचं उद्या बघू. तू ये. ये ना रे. चुकलं माझं, आता ये.

तौसाला : आता बस, आणि वाट बघ.

पेनिना : या डांबरावर काय येणार, मावशी? तेल सांडलंय सगळीकडे.

तौसाला : आपण न्यायला आलोय. यायचं की नाही ते तो ठरवील.

पेनिना : तू मला काहीच बोलली नाहीस. शिव्या दे. दोन थोबाडीत मार माझ्या.

तौसाला : देईन ना. इतक्यात सुटत नाहीस तू. आज तुझ्याच घरी झोपणार आहे मी, तेव्हा देईन. तुझ्या नवऱ्यालाही सांग, मावशी येतेय. विचारू नकोस त्याला, सांग.

पेनिना : सांगते.

तौसाला : रडायचं तर रड, पण हात कापडावरच राहू दे.

पेनिना : मावशी.

तौसाला : काय?

पेनिना : कोळी आहे. एवढासा, करडा.

तौसाला : चढला कापडावर?

पेनिना : चढला. सरळ आला, वळसा नाही घातला. आणि आता माझ्या हातावर आलाय. मनगटापाशी थांबलाय. मला भीती वाटतेय गं.

तौसाला : हात हलवू नकोस. एकदा परत पाठवलंस, तेवढं पुरे.