पांकारा थुंकते तेव्हा

मारिबेल : बाबा, लामाच्या गर्भपिशवीला कॅन्सर होतो का? बघा, विचारलं! वर्गातली डेलिया म्हणत होती, बापासमोर हे बोलायची तुझी छाती नाही.

बाबा : जेवताना तरी नको गं.

मारिबेल : होतो की नाही, सांगा ना!

आई : होत असेल. बाईच्या जातीला सगळं होतं. सूप घे.

मारिबेल : शाळेत जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी त्यांना ओढत आपल्या पांकाराकडे घेऊन आले.

बाबा : गाभण लामाला परक्याचा हात? मला न विचारता?

मारिबेल : गाभण नाहीच ती! पिशवीत गाठ आहे, ही एवढी, भोपळ्यासारखी.

बाबा : काहीतरीच. नर जवळ आला की पचकन् थुंकते. पोटात पिल्लू असलं की मादी थुंकते, माझा बाप हेच बघून सांगायचा.

मारिबेल : ती दुखतं म्हणून थुंकते, बाबा.

आई : नर दाखवल्यापासून दुसरा कार्निव्हल होऊन गेला, फाउस्तो. कुठली मादी इतकी थांबते?

बाबा : होतो कधी उशीर. मी तर पिल्लू पाद्रिनोला, पोरीच्या धर्मबापाला, कबूलही करून बसलोय.

आई : आणि रोज पहाटे तिला उभं कोण करतं? तू मान धरतोस, मी पोटाखालून दोर ओढते. माझ्या कंबरेला विचार. शनिवारी ओरुरो शहराहून खाटकाचा ट्रक येईल, दे चढवून.

बाबा : पाय बांधून? अगं, पोरीच्या जावळाला पाद्रिनोने पहिली बट कापली आणि हिची दोरी पोरीच्या मुठीत दिली. ती माझी नाही, तुझीही नाही.

आई : मग जिची आहे तिला विचार. मी दमले.

(बाहेर पांकारा कण्हते. तिघंही चमचे खाली ठेवतात.)

बाबा : काही औषध, मारि?

मारिबेल : दोनदा विचारलं. बाईंनी नुसती नाही म्हणून मान हलवली.

आई : रडू नको. सुपात मीठ आधीच जास्त झालंय.

बाबा : सांग बाई. तू म्हणशील तसं.

मारिबेल : ट्रक नाही. सकाळी इथेच, अंगणात, तोंड उगवतीकडे करून. सुरी तुम्ही धरा, बाबा. रीतीप्रमाणे निरोपाची कोकाची पानं तिच्या तोंडात मी ठेवणार, डोकं माझ्या मांडीवर घेणार. पाद्रिनोलाही मीच सांगेन. आणि आई, पहाटे दोर घेऊन येऊ नकोस. झोप जरा.