गुरुजींचा जुना लॅपटॉप

म्हसळ्यात दुरुस्तीच्या दुकानात चार्जरसाठी ताटकळलेल्या भक्तीच्या पुढे साळवीगुरुजींच्या मनुकाकू लॅपटॉप पोटाशी धरून उभ्या होत्या.

“रितेश, आमच्या ह्यांच्या लॅपटॉपात नवी सिस्टीम तूच टाकलीस ना रे?”

“हो काकू. पंधरा वर्षांचं मशीन आहे. बंद पडलं का?”

“न्हाय. बटण दाबलं की लगेच चालू होतंय.”

“मग?”

“आधी वीस मिनिटं लागायची. तोवर हे पडवीत माझ्याजवळ बसून कोरा चहा प्यायचे, चार गोष्टी बोलायचे.”

“काकू, लोक माझ्याकडे मशीन फास्ट करायला येतात.”

“जुनी सिस्टीम हाय का?”

“आहे. पण गुरुजींना विचारलंत का?”

“कधी विचारू?”